दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातील ग्रंथ

गेल्या वर्षी जून महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक माता मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी पदवी परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. तिने पुढील शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पाली आणि बौद्ध अध्ययन हा विषय घेण्याचे ठरविले होते. आई दाराशीच थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "फादर, पोरीला तिथं बुद्धाचंच वाचावं लागंल म्हणं, दोन वर्षं. पाप नाही ना ते?" थोडे थांबून तिने खरे काय ते सांगितले, "हिच्या मामाचं घर बौद्ध हाये. तिकडं ओढली जाईल असं वाटतं."

पाप नाही, असे मी तत्काळ सांगितले. गुरुकुलात शिकलेल्या माणसाला हे उत्तर शोधावे लागत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयीचा आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यांतील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असा त्याचा आशय आहे. पुढल्याच वर्षी निषिद्ध ग्रंथांची सूचीही बंधनकारक राहिली नाही. मुलगी हसली, आईचे समाधान झाल्यासारखे दिसले आणि दोघी बसस्थानकाकडे गेल्या. माझे समाधान मात्र झाले नाही. आईने विचारलेला प्रश्न सूचीतील ग्रंथांचा नव्हताच. परक्याचा पवित्र ग्रंथ वर्षानुवर्षे मन लावून वाचणाऱ्या माणसाचे काय होते, हे तिला जाणून घ्यायचे होते. त्याला जोडून दुसरा एक प्रश्न येतो, आणि तो आपण क्वचितच विचारतो. अशा वाचनात त्या परक्याचे काय होते?

बीड जिल्ह्यात राहणाऱ्याने हा प्रश्न टाळायचा म्हटले तरी टळत नाही. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा, असे परंपरा मानते. विद्वानांचा त्यावर वाद असला तरी आद्य मराठी ग्रंथांची चर्चा त्या नावावाचून होत नाही. त्याच गावी दासोपंत होऊन गेले. त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर 'पंचीकरण' लिहिले. 'पासोडी' या नावाने ते सर्वांना ठाऊक आहे. या दासोपंतांचे चरित्र जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने इंग्रजीत नेले. गेवराई तालुक्यात गोदेकाठी पांचाळेश्वरला महानुभावांचे आत्मतीर्थ आहे. बीड शहरात अजानचा आवाज, काकड्याचा टाळ आणि आमच्या मंदिराची घंटा एकाच पहाटेत ऐकू येतात. इतक्या ग्रंथांच्या शेजारी राहून आम्ही एकमेकांचे ग्रंथ किती उघडले, हा हिशेब काढायला बसलो तर मान खाली घालावी लागेल.

माझा स्वतःचा हिशेब आधी मांडतो. धर्मगुरू झाल्यानंतर काही वर्षांनी, वरिष्ठांच्या परवानगीने, मी मराठी विषयात एम. ए. करण्यासाठी एका महाविद्यालयात नाव घातले. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष माझा आहे. वर्गात बहुतेक मुले माझ्याहून वयाने लहान होती. वारकरी घरातील, बौद्ध, दोन मुसलमान मुली, आणि पांचाळेश्वरच्या बाजूचा एक महानुभाव तरुण. अभ्यासाला 'लीळाचरित्र' होते आणि जोडीला म्हाइंभटांनीच लिहिलेले 'श्रीगोविंदप्रभुचरित्र'.

ज्यांनी हा ग्रंथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रीगोविंदप्रभू हे महानुभावांच्या पाच कृष्णांपैकी एक, श्रीचक्रधरांचे गुरू, रिद्धपूरचे. चरित्रात त्यांचे वागणे लहान मुलासारखे, कधी वेड्यासारखे वर्णिले आहे. ते भलत्याच वेळी हसतात, रुसतात, कुणाच्याही घरात शिरून जेवतात. पंथाच्या दृष्टीने ही परमेश्वराची लीळा आहे. मला एका चर्चासत्रात या ग्रंथावर निबंध वाचावयाचा होता. गुरुकुलात शिकलेले मानसशास्त्र हाताशी होते, थोडी हुशारी दाखविण्याची हौसही होती. मी त्या वर्तनाला आजच्या वैद्यकशास्त्रातील दोन-तीन नावे चिकटविली. वर्गात हशा पिकला. प्राध्यापकही हसले. महानुभाव तरुणाने वही मिटली.

तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला. नेहमीप्रमाणे हात जोडून "दंडवत प्रणाम, फादर" म्हणाला आणि अगदी शांतपणे विचारले, "तुमच्या प्रभूंना कुणी वेडा म्हटलं होतं का हो?"

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूला भान राहिले नाही असे समजून त्याचे आप्त त्याला धरून न्यावयास निघतात. त्या उताऱ्यावर मी कितीतरी वेळा प्रवचन दिले होते. देवाच्या वेडाला जग वेड म्हणते, असे मोठ्या आवेशाने सांगितले होते. आपल्या ग्रंथातील वेड मी गुडघे टेकून वाचत होतो आणि त्याच्या ग्रंथातील वेड रोग्याच्या कागदपत्रांसारखे. त्याला मी "होय" एवढेच उत्तर देऊ शकलो.

हा ग्रंथ त्या वर्गापर्यंत कसा पोचला, हे आठवले की माझी चूक मला अधिक टोचते. महानुभावांनी आपले साहित्य सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके मठांत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांना त्याची उकल झाली. पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांनी ग्रंथ संपादून छापले. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने १९८४ साली गोविंदप्रभुचरित्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. आज रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ उभे आहे. मराठी भाषेचा यात अपार लाभ झाला. पण ज्या घरात ही पोथी सोवळ्यात उघडली जाते, त्या घरातील मुलाला तीच पोथी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत पाच गुणांच्या टीपेसाठी भेटते, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल, याचा विचार विद्यापीठाच्या कोणत्या नियमात बसतो?

आम्हा कॅथलिकांना तर हे दुःख दुरून समजून घेण्याचीही गरज नाही. बायबलचा चिकित्सक अभ्यास युरोपातील विद्यापीठांत सुरू झाला तेव्हा ख्रिस्तसभेने त्याला दीर्घकाळ शत्रू मानले. १९०८ साली आल्फ्रेड ल्वाझी या फ्रेंच धर्मगुरूला त्यापायी बहिष्कृत केले. १९४३ साली बाराव्या पायस यांनी दार किलकिले केले, १९६५ च्या परिषदेने ते उघडले. आमच्या पिढीला गुरुकुलात मोशेच्या पंचग्रंथांचे निरनिराळे स्रोत शिकविले गेले, त्या पहिल्या वर्षी मी कित्येक रात्री नीट झोपलो नव्हतो. पुढे माझा विश्वास त्यातून अधिक खोल गेला असे मला वाटते. पण ते माझे ग्रंथ होते, माझे गुरू विश्वासणारे होते आणि सायंप्रार्थनेला आम्ही एकत्र बसत होतो. ज्याच्या ग्रंथाची चिकित्सा परका करतो आणि करून निघून जातो, त्याला अशी सायंप्रार्थना कुठून मिळणार?

आपल्या इतिहासाकडे याहून अवघड साक्ष आहे. १५५९ च्या सुमारास गोव्यात एका नवख्रिस्ती माणसाच्या साहाय्याने एका ब्राह्मणाच्या घरातून पोथ्या चोरून आणविल्या गेल्या. त्यांचा उपयोग हिंदूंचे खंडन करण्यासाठी झाला. हे विरोधकांनी रचलेले नाही; जेझुइटांच्याच पत्रव्यवहारात त्याची नोंद आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात जुन्या मराठी-कोंकणी पोथ्यांची रोमन लिपीतील बाडे आजही आहेत. कित्येक मूळ पोथ्या नष्ट झाल्या, आणि शत्रुत्वाने केलेल्या नकला मात्र उरल्या. त्याच गोव्यात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स आले. त्यांनी ओवी ऐकली, पुराणांची घडण आत्मसात केली आणि १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले. स्टीफन्सही मिशनरीच होते, त्यांचा हेतू धर्मप्रसाराचाच होता. हे लपविण्यात अर्थ नाही. तरी ज्याचे खंडन करायचे त्याच्या भाषेवर इतका जीव जडू शकतो, हेही त्यांनीच दाखविले. चोरून आणलेली पोथी आणि प्रेमाने शिकलेली ओवी यांच्यात अवघे अर्धे शतक गेले होते.

विद्यापीठाने हा प्रश्न 'तटस्थता' या शब्दाने सोडविला आहे. आपल्या संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांविषयी शिकविणे मात्र निराळे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले. कायद्यासाठी हा भेद पुरेसा आहे. माणसाच्या मनाला तो पुरत नाही, कारण तटस्थ म्हणवणारा वाचकही कुठेतरी उभा असतोच. मॅक्स म्युलर यांनी 'पूर्वेकडील पवित्र ग्रंथ' ही पन्नास खंडांची माला १८७९ ते १९१० या काळात ऑक्सफर्डहून काढली. तिचा आठवा खंड, भगवद्गीतेचा, आपल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केला. थोर काम आहे. पण त्या मालेत बायबल नाही. त्याचाही जन्म पूर्वेकडलाच, तरीही. इतरांचे ग्रंथ टेबलावर मांडले, स्वतःचा कपाटात राहिला. त्या दिवशी वर्गात मीही याहून वेगळे काही केले नव्हते.

मग दुखावले जाणाऱ्याच्या भावनेलाच अखेरचा अधिकार द्यावा काय? त्या प्रसंगानंतर काही काळ मला तसे वाटले. ज्याचा ग्रंथ आहे त्याला आपल्या वर्णनात आपला ग्रंथ ओळखू आला पाहिजे, नाहीतर आपण गप्प बसावे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. पुढे तो नियम मला अपुरा वाटू लागला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली. तेव्हा दुखावलेल्यांची संख्या कमी नव्हती. त्यांच्या संमतीची वाट पाहिली असती तर आमच्या धर्मग्रामातील निम्म्या कुटुंबांचे आजोबा आजही पाणवठ्यापासून दूर उभे असते. ग्रंथ ज्याच्या पाठीवर आसूड होऊन पडतो, त्यालाही तो वाचण्याचा आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे. कदाचित सर्वांत आधी त्यालाच. दुखावणे आणि अन्याय करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. माझ्या निबंधाने त्या तरुणावर अन्याय केला, तो प्रश्न विचारल्याने नव्हे. मी ग्रंथाला काही विचारलेच नव्हते. उत्तर आधीच खिशात होते आणि हशा मिळवायचा होता.

धर्मानंद कोसंबींचे उदाहरण मला या संदर्भात पुनःपुन्हा आठवते. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असा फिरला, भिक्षू झाला, पाली शिकला. पुढे हार्वर्ड विद्यापीठात 'विशुद्धिमग्गा'च्या संपादनावर त्यांनी काम केले. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये तेथून प्रसिद्ध झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. बुद्धावर एवढी निष्ठा असलेल्या या माणसानेच वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही लोकप्रिय कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेल्या कलहाशी तो प्रसंग जोडला. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाची मांडणी याच दिशेने जाते. कोसंबींची चिकित्सा कित्येकांना रुचली नाही. पण त्यांनी बुद्धाला हसण्यावारी नेले, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते, आणि त्यासाठी ते उपाशी राहिले होते.

आता त्या मातेला मी जे सांगितले नाही तेही येथे लिहितो. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण तत्त्वज्ञान शिकावयास गेला आणि आता मिस्सेला येत नाही. भेटला की आदराने बोलतो, आईला पैसे पाठवितो, पण येत नाही. ग्रंथांनी त्याला नेले असे म्हणणे सोपे आहे. त्याच्या घराची मी काही वर्षे विचारपूस केली नव्हती, हेही खरे आहे. यांतील कोणते कारण किती, हे मला सांगता येणार नाही. अभ्यासाने श्रद्धा नेहमी दृढच होते, असे आश्वासन मी कोणत्याही आईला देऊ शकत नाही. कुणी दिले तर तिने ते घेऊ नये. पण ग्रंथ बंद ठेवून राखलेली मुले आपल्याजवळ राहिली, असाही माझा अनुभव नाही.

ती मुलगी नाताळच्या सुट्टीत आली होती. मध्यरात्रीच्या मिस्सेत तिने वाचन केले. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन भेटावयास आली तेव्हा पालीतील शब्द मोठ्या हौसेने सांगत होती. 'मेत्ता' या शब्दाचा अर्थ तिने आईला समजावून दिला, आणि आईने तिच्या मामाची एक जुनी गोष्ट सांगितली. भावाबहिणीचे बरेच दिवस येणेजाणे नव्हते, ते आता पुन्हा सुरू झाले असावे असे वाटले. मुलीची तेथील एक बौद्ध मैत्रीण तौलनिक अभ्यासासाठी शुभवर्तमान वाचू इच्छिते. मराठी बायबल मिळेल का, असे तिने विचारले. माझ्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ची एक प्रत होती. शेजारच्या उस्मानाबादला २०२० साली ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्याच्या किती तरी आधी घेतलेली. ती मी दिली. देताना मार्काच्या तिसऱ्या अध्यायात खूण घालावी असे मनात आले, घातली नाही. परीक्षा होईपर्यंत प्रत मैत्रिणीकडेच राहू दे, घाई नाही, असे सांगितले. आईने पिशवीतून जुने वर्तमानपत्र काढून पुस्तकाला तिथेच कव्हर घातले.