मुलकी, परदेशी आणि शरणागत

उस्मानिया विद्यापीठाच्या सान्निध्यामुळे तारनाक्याच्या परिसराला परदेशी विद्यार्थ्यांची वस्ती नवी नाही. अफगाण, सुदानी, येमेनी, सोमाली मुले येथे भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात, आणि आपल्यापैकीही काही कुटुंबांनी घराचा वरचा मजला त्यांना दिलेला आहे. त्यामुळे एरवी दिल्लीच्या मंत्रालयांत वावरणारा एक प्रश्न थेट आपल्या जिन्यापर्यंत येऊन पोहोचतो. शिकावयास आलेल्या माणसाचा व्हिसा संपत आला आणि दरम्यान त्याचा देशच त्याला परका झाला, तर त्याच्या येथील वास्तव्याला आधार कशाचा? कायद्याचा, आपल्या दयेचा, की त्याच्या स्वतःच्या काही हक्काचा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. त्याच महिन्यात भारत सरकारने अफगाण नागरिकांसाठी नवा आपत्कालीन ई-व्हिसा जाहीर केला आणि जे अफगाण त्या वेळी भारताबाहेर होते त्यांचे आधीचे व्हिसा रद्द ठरविले. करोनाच्या काळात घरी गेलेले भारतीय विद्यापीठांतील अनेक विद्यार्थी तिकडेच अडकले. जे येथे होते ते राहिले. दोघांच्या पात्रतेत काहीच फरक नव्हता. त्या दिवशी कोण कोठे होता, एवढाच काय तो फरक. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटले, तेव्हा इकडे राहिलेल्यांच्या मनात तीच घालमेल पुन्हा सुरू झाली.

मुदतीचे महत्त्व मला कोणी समजावून सांगावयास नको. नोकरीची तीसहून अधिक वर्षे मी दाखले देण्यात आणि तपासण्यात घालविली आहेत. व्हिसा म्हणजे यजमान राष्ट्राची मुदतबंद परवानगी, आणि पासपोर्ट म्हणजे पाहुण्याच्या राष्ट्राने त्याच्याविषयी घेतलेली हमी. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे करावयाचा असतो. त्यासोबत चालू पासपोर्ट, महाविद्यालयाचा दाखला आणि राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. या मागण्यांत गैर असे काही नाही. अडचण येते ती हमीदारच उरला नाही किंवा हमीदारच शत्रू झाला तर. पळून आलेल्या माणसाकडे नवा पासपोर्ट मागणे म्हणजे, ज्याच्यापासून तो पळाला त्याच्याकडूनच चालचलणुकीचा दाखला आण, असे त्याला सांगणे होय.

महाराष्ट्राने हा पेच पूर्वी एकदा पाहिला आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांचा हमीदार म्हणजे लंडनमधील पोलंडचे परागंदा सरकार. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि एका दिवसात हमी देणारेच नाहीसे झाले. छावणी मात्र त्यानंतरही जवळजवळ तीन वर्षे चालली. कागद लिहिणारा गेला तरी माणसे होती, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांनी निदान व्यवहारात मान्य केले होते.

आपल्या समाजालाही कागदाची ही गोष्ट परकी नाही. निजामी राज्यात सरकारी नोकरीसाठी मुलकी असणे आवश्यक होते. मराठवाड्यातील मंडळी जन्मानेच मुलकी. परंतु पुण्याकडून, वऱ्हाडातून आलेल्यांना ते सिद्ध करावे लागे. पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावयाचे आणि शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार सोडून दिल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे. १९५२ मध्ये गैरमुलकींविरुद्ध या शहरात चळवळ उसळली, गोळीबार झाला. नियम रद्द झाले ते पुढे १९७३ साली. आमच्या आधीच्या पिढीने ही प्रमाणपत्रे ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवली होती, आणि ती का जपली हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असे.

त्या प्रतिज्ञापत्राकडे जरा बारकाईने पाहावे. मुलकी नियम म्हणत होता, परत जाणार नाही असे लिहून दे. विद्यार्थ्याच्या व्हिसामागचे गृहीतक नेमके उलटे, की हा शिक्षण संपवून परत जाईल. शरणागताला यांपैकी एकही गोष्ट प्रामाणिकपणे लिहून देता येत नाही. त्याला परत जावयाचे असते आणि जाता येत नसते. आपल्या सर्व अर्जांत दोनच चौकटी आहेत. त्याचे खरे उत्तर त्या दोहोंच्या मधल्या कोऱ्या जागेत पडते. त्यामुळे त्याला एक तर खोटे लिहावे लागते, नाही तर गप्प राहावे लागते. प्रामाणिक माणसाला खोटे बोलण्यास भाग पाडणाऱ्या व्यवस्थेत काही तरी उणे आहे, असे मी अधिकारी म्हणूनच म्हणतो.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. आपल्या कायद्यात निर्वासित हा वेगळा वर्ग नाही. जो नागरिक नाही तो परदेशी. बाळापूरकडील रोहिंग्यांजवळ संयुक्त राष्ट्रसंघाच्या उच्चायुक्तालयाची ओळखपत्रे आहेत, पण ते पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार मुदत उलटल्यावर राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तरीही खिडकी अगदीच बंद नाही. २०११ च्या शेवटी गृहमंत्रालयाने ठरविलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे वंश, धर्म, राजकीय मत इत्यादी कारणांनी छळाची साधार भीती असणाऱ्यास दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो. तो एकेक वर्षाने वाढवून मिळतो, आणि त्यावर खाजगी नोकरी करता येते. नव्या कायद्याबरोबर निघालेल्या आदेशात तीन शेजारी देशांतील, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या विशिष्ट अल्पसंख्याकांना कागद नसल्याच्या शिक्षेतून सूट आहे. म्हणजे छळापुढे कागदाची चूक क्षम्य ठरते, हे तत्त्व शासनाने स्वतःच स्वीकारले आहे. ते काहींनाच का लागू करावे, याचे उत्तर राजकारणात मिळेल. नीतीत मला सापडलेले नाही.

विरुद्ध बाजूही लंगडी नाही. बिभीषण आला तेव्हा सुग्रीवाने घेतलेला संशय शहाणपणाचाच होता : शत्रूचा भाऊ, हेर असू शकेल. वाल्मीकींनी ती सल्लामसलत विस्ताराने दिली आहे, कोणालाही मूर्ख ठरविलेले नाही. रामाने सर्वांचे ऐकून घेतले आणि मग अभय दिले. चौकशीला त्याची ना नव्हती. चौकशी पुरी होईतो समुद्रात लोटावे, असे मात्र तो म्हणाला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमांच्या प्रकरणात परदेशी माणसाच्याही जीविताचे रक्षण करणे राज्यावर बंधनकारक मानले. २०२१ च्या रोहिंग्या प्रकरणात मात्र येथे राहण्याचा हक्क नागरिकाचाच, असे म्हटले. मला दोन्हींत विरोध दिसत नाही. राहू देणे हे राज्याच्या इच्छेवर असेल. मृत्यूकडे परत न ढकलणे हे त्याच्या इच्छेवर नसावे.

राहिला आपल्या जिन्याचा प्रश्न. परदेशी भाडेकरूची माहिती चोवीस तासांत कळविणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे आणि ते टाळून कोणी दयाळू होत नाही. उलट त्या नोंदीवाचून त्या मुलाला राहण्याचा पुरावाच मिळत नाही. काही मंडळी नोंद करीत नाहीत, भाडे रोख घेतात, आणि व्हिसा संपला असे ऐकताच खोली रिकामी करा म्हणतात. कायदा आणि माणुसकी हे दोन्ही एकाच वेळी मोडण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. भाडेकरार लेखी करून द्यावा, मुदतीच्या दोन महिने आधी वरच्या मजल्यावर जाऊन अर्ज केला का म्हणून विचारावे, आणि देशात परतणे अशक्य असेल तर ते कारण मुदत संपण्यापूर्वीच लिहून द्यावयास सांगावे.