उपाधीवरचे प्रेम

एखाद्या श्वानवंशाची लोकप्रियता ओसरते तेव्हा नेमके काय संपते, हा प्रश्न वरवर पाहता प्राणिपालनाचा किंवा फार तर समाजशास्त्राचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी स्नेहाच्या विषयासंबंधीचा एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. माणूस कुत्र्यावर प्रेम करतो असे म्हणतो, तेव्हा त्या प्रेमाचा विषय समोरचा जीव असतो, की त्या जीवाला चिकटलेले एक रूप? भारतीय शहरांत ‘पामेरियन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या पांढऱ्या, झुबकेदार केसांच्या कुत्र्याचा जो उदय आणि अस्त एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला, त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार अधिक नेमकेपणाने करता येतो.

घरोघरी पामेरियन म्हणून वावरलेला हा कुत्रा बहुतेक वेळा ‘इंडियन स्पिट्झ’ या वंशाचा असे. टोकदार मुस्कट, ताठ कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि दाट केस ही स्पिट्झ गटाची लक्षणे होत. ब्रिटिश अमदानीत जर्मन स्पिट्झ कुत्री भारतात आली आणि येथील उष्ण हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेल्याने त्यांच्यापासून हा वेगळा वंश घडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, परदेशी कुत्री आणणे अवघड आणि खर्चिक असताना, मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरात मावणारा, दूधभात-पोळीवर वाढणारा आणि दारात पाऊल वाजताच भुंकून घर जागे करणारा हा कुत्रा मध्यमवर्गाच्या सोयीचा ठरला. 1994 साली प्रदर्शित झालेल्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी याच वंशाचा होता, आणि कथेच्या निर्णायक क्षणी त्याच्यावर जी कामगिरी सोपवली गेली तिच्यामुळे या कुत्र्याला घरातल्या माणसाचीच प्रतिष्ठा मिळाली. तथापि तोवर 1991नंतरच्या खुल्या अर्थव्यवस्थेने परदेशी वंशांची वाट मोकळी केली होती; 2003च्या सुमारास हच कंपनीच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा पग घराघरांत पोहोचला आणि शहरी कुटुंबांची नजर पग, लॅब्रॅडॉर अशा वंशांकडे वळली. स्पिट्झ नाहीसा झाला नाही, पण ‘जुन्या काळचा कुत्रा’ ठरला.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या स्थित्यंतरात कुत्र्याचा काहीही दोष नव्हता. स्पिट्झचे आरोग्य ढासळले नाही, त्याची निष्ठा उणावली नाही. उलट ज्याने त्याची जागा घेतली तो पग भारतीय हवामानाला कितीतरी कमी अनुकूल आहे. कुत्रा घामावाटे नव्हे, तर मुख्यतः धापा टाकून शरीराची उष्णता बाहेर टाकतो. पगचा चेहरा निवडक प्रजननाने, म्हणजे हव्या त्या लक्षणांच्याच नर-माद्यांचा संयोग पिढ्यान्‌पिढ्या घडवून, इतका चपटा करण्यात आला आहे की त्याचा श्वसनमार्ग आखूड आणि अरुंद झाला आहे, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्याला साधा श्वास घेणेही कष्टाचे होते. म्हणजे येथे सक्षम जीव मागे पडला आणि ज्याच्या देहातच क्लेश घडवून ठेवला आहे असा जीव पुढे आला. हे केवळ भारतातच घडले असे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड हर्झॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील श्वाननोंदींचा दीर्घकाळ अभ्यास करून असे दाखविले आहे की, वंशांची लोकप्रियता त्यांचे आरोग्य, आयुर्मान किंवा स्वभाव यांच्याशी जुळत नाही. ती प्रामुख्याने अनुकरणाने वाढते आणि अनुकरणानेच ओसरते. 1993 साली तेथे 42 हजारांहून अधिक डाल्मेशियन कुत्र्यांची नोंद झाली होती, आणि अवघ्या काही वर्षांत ती संख्या कोसळली. त्या कुत्र्यांच्या अंगावरचे ठिपके मात्र होते तसेच होते.

मग जे बदलले ते काय? न्याय-वैशेषिक दर्शनाची परिभाषा येथे उपयोगी पडते. अनेक व्यक्तींमध्ये समान रूपाने राहणारा, एक आणि नित्य असा जो धर्म, त्याला ही दर्शने ‘सामान्य’ किंवा ‘जाती’ म्हणतात. गोत्व किंवा श्वत्व, म्हणजे कुत्रेपण, हे त्याचे उदाहरण. परंतु अनेकांत आढळणारा प्रत्येक समान धर्म जाती ठरत नाही. काही धर्म केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी मानलेले असतात आणि त्यांना ‘उपाधी’ ही संज्ञा आहे. उदयनाचार्यांनी जातीला बाधक ठरणारी जी कारणे सांगितली त्यांत ‘संकर’ हे एक आहे : जे दोन धर्म एकमेकांना सोडूनही आढळतात आणि तरीही एखाद्या ठिकाणी एकत्र येतात, त्यांना जाती मानता येत नाही. हा निकष लावला तर श्वानवंश जातीच्या कक्षेत टिकत नाही, कारण दोन वंशांच्या संयोगातून जन्मलेल्या पिल्लात दोहोंची लक्षणे सहज एकत्र नांदतात. कुत्रेपण वस्तूच्या ठायी आहे. स्पिट्झपण किंवा पगपण हे माणसाच्या निवडीने, नोंदवहीने आणि आवडीने उभे केलेले आहे. जे प्रेम स्पिट्झपणावर होते ते उपाधीवर होते, आणि उपाधीचे मोल ती लावणाऱ्याच्या मनात असल्यामुळे मन बदलताच ते प्रेमही विरले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, वंश हा निव्वळ उपाधी असेल तर त्याच्या ऱ्हासाबद्दल खंत बाळगण्याचे कारणच उरत नाही. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. दख्खनच्या पठारावरील कारवानी कुत्रा सशाच्या शिकारीसाठी घडला. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार निषिद्ध केल्यावर त्याचे मूळ प्रयोजनच राहिले नाही, आणि असा वंश विरळ होणे ही संस्कृतीची हानी म्हणून नोंदविणे योग्यच आहे. मात्र या हानीची जात एखादी कला लोपण्यासारखी आहे. तिच्यात वेदना भोगणारा कोणी नसतो. वेदना वंशाला होत नाही, कुत्र्याला होते.

हा भेद महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात विलक्षण स्पष्टतेने आला आहे. स्वर्गाच्या रथात चढण्यापूर्वी सोबतचा कुत्रा सोडून दे, असे इंद्र सांगतो आणि युधिष्ठिर नकार देतो. तेव्हा इंद्र विचारतो की, भाऊ आणि द्रौपदी यांना वाटेत सोडून आलेल्याला एका कुत्र्याचा एवढा मोह का? युधिष्ठिराचे उत्तर असे की, ते सारे मृत झाले होते, त्यांना जिवंत करणे त्याच्या हाती नव्हते, आणि जिवंत असताना त्याने त्यांना टाकले नव्हते. परंतु हा कुत्रा जिवंत आहे, भक्त आहे, आणि भक्ताचा त्याग हे घोर पातक आहे. जे गेले त्याचा शोक आणि जे जिवंत आहे त्याच्याविषयीचे कर्तव्य यांची त्याने गल्लत केली नाही. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता हे नंतर उलगडते, म्हणजे युधिष्ठिराने निर्णय घेतला तो समोर केवळ एक कुत्रा आहे असे समजूनच. त्याचे कूळ काय, दिसायला तो कसा, याची विचारपूस त्याने केली नाही. भगवद्‌गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताचे लक्षण सांगताना ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्या ओळीत कुत्राही येतो. आणि पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्राने शतकानुशतके सांगितली, तीही याच दृष्टीची साक्ष आहे.

पाळीव कुत्र्याच्या बाबतीत हे कर्तव्य अधिकच बांधून घेणारे आहे, कारण वन्य प्राण्याप्रमाणे तो माणसाच्या वाटेत योगायोगाने आलेला नसतो. त्याचा देह माणसाने घडविलेला, त्याचे परावलंबन माणसाने जोपासलेले; पगचा अडलेला श्वास आणि स्पिट्झला एकटे ठेवल्यावर होणारी कासाविशी या दोहोंचा कर्ता माणूसच आहे. ज्याने गरज निर्माण केली त्याने ती भागवणे हे दातृत्व नव्हे, ते ऋण आहे, आणि आवड ओसरली म्हणून ऋण फिटत नाही. फॅशनचा काळ आणि कुत्र्याचे आयुष्य यांचे माप जुळत नाही, यात या विषयातील सारे दुःख साठलेले आहे : स्पिट्झसारखा कुत्रा साधारणपणे 12 ते 14 वर्षे जगतो, आणि त्याला घरी आणणारी आवड त्याच्या निम्म्या वयापर्यंतही टिकेल याची शाश्वती नसते.

म्हणून पिल्लू घरी आणू पाहणाऱ्या कुटुंबाने कोणता वंश आणावा हे विचारण्याआधी, हा जीव म्हातारा, आंधळा आणि जुन्या फॅशनचा झाल्यावरही तो याच घरात राहील का, हे स्वतःला विचारावे. कायद्यावर विसंबण्याची सोय येथे फारशी नाही. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमातील कलम 11 अन्वये, भुकेने वा तहानेने क्लेश होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारण नसताना सोडून देणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कलमात सांगितलेला दंड 10 ते 50 रुपये एवढाच आहे.