उंबरठ्याचं माप

इंजिन उतरवलं, गिअरबॉक्स काढला, चाकं आणि ॲक्सल बाजूला ठेवले, सीट, काचा, वायरिंग, दारं सगळं सुटं करून फळ्यांवर मांडलं, की एमजीबी या इंग्रजी स्पोर्ट्स कारचं जे काही मागे उरतं, ते चार-सहा माणसं हातांनी उचलून नेऊ शकतात. एवढ्या मंडळींनी चहूबाजूंनी धरून, पावलं जुळवत चालावं, कुणीतरी हळू आवाजात ‘सांभाळून’ म्हणावं, हे दृश्य पाहणाऱ्याला अंत्ययात्राच आठवेल. फरक एवढाच, की इथे वाहून नेणाऱ्यांना गाडी परत उठणार याची खात्री असते.

पण जी उठेल, ती तीच गाडी असेल का?

एमजीबी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती, वरची बॉडी त्यावर बसवलेली असे. एमजीबीला तशी चासी नाही. पत्र्याची बॉडी, म्हणजेच शेल, हाच तिचा सांगाडा. त्यात उघड्या गाडीला छप्पर नाही, म्हणजे बराचसा ताण तळाच्या पत्र्यावर आणि दारांखालच्या दोन पोकळ उंबरठ्यांवर येतो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि गंज बहुधा याच उंबरठ्यांना आधी धरतो.

कुजलेला उंबरठा तसाच कापला तर शेल मधोमध खचते. नवा पत्रा जोडला, रंग चढवला, आणि दार लावायला गेलं तर ते बसतच नाही. म्हणून जाणकार कारागीर कटर हातात घेण्याआधी दाराच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी रॉड आडवे-तिरपे वेल्ड करतो. मग शेल दोन्ही टोकांना पकडून, शिगेवर लावल्यासारखी गोल फिरेल अशा स्टँडवर चढवतो. रंग खरवडून उघडा केलेला पत्रा तो नुसत्या हातांनी धरत नाही. घामातल्या क्षारांनी बोटांचे ठसे गंज होऊन उमटतात. ही सारी खबरदारी कशासाठी? पत्रा तर बराचसा बदलायचाच आहे. कारागीर जपतो ते एक अंतर: पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंतची रिकामी जागा.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला ग्रीक राजा मिलिंद रथातून आला, तेव्हा भिक्खू नागसेनाने त्याला विचारलं, की आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ आलं. रथ हे त्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव, आत वेगळी रथ नावाची वस्तू नाही, आणि माणसाचंही तसंच, असा नागसेनाचा निष्कर्ष. वर्कशॉपात फळ्यांवर मांडलेले सुटे भाग पाहिले की त्याचं म्हणणं खोडणं अवघड जातं.

प्राचीन भारतातल्या वैशेषिक दार्शनिकांनी मात्र अवयवांहून वेगळा ‘अवयवी’, म्हणजे अवयवांनी बनलेली अख्खी वस्तू, मानला. सुतांहून कापड वेगळं. पण त्याची किंमतही मोजली: एक सूत काढलं तरी जुनं कापड संपतं आणि दुसरं जन्माला येतं. कच्चं मडकं भट्टीत लाल होतं तेव्हा काय घडतं, यावर तर त्यांचं न्याय दर्शनाच्या नैयायिकांशी जुंपलं. वैशेषिक म्हणाले, मडकं परमाणूंपर्यंत सुटतं, परमाणू रंग बदलतात आणि नवं मडकं जुळून येतं. नैयायिक म्हणाले, मडकं तेच राहतं, फक्त पिकतं. जुनी गाडी दुरुस्तीला काढणारा प्रत्येक जण नकळत या दोहोंपैकी एकाची बाजू घेतो.

लंडनच्या न्यायालयात हा वाद पैशांवरून गेला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मानची शर्यत जिंकली. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. पुढे तिचं रूप पालटलं. एक कोटी पौंडांना ती विकण्याचा सौदा ठरला, आणि ही मूळ गाडीच नाही असं म्हणत खरेदीदाराने हात आखडला. १९९० साली न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. १९२९ मधला फारच थोडा भाग शिल्लक होता, हे त्यांनी नाकारलं नाही. पण बदल टप्प्याटप्प्याने झाले, गाडीची ओळख मध्ये कुठे तुटली नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी अस्तित्वात नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

एमजीबीचं प्रकरण आणखी अवघड आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून मूळ साच्यांवर तिच्या कोऱ्या शेल बनवायला सुरुवात केली. इथे टप्पे नाहीत. अख्खी कुडी एका दिवसात बदलते. पुन्हा बांधलेल्या गाडीचा जुना नंबर टिकवायचा तर ब्रिटनच्या वाहन खात्याने वर्षानुवर्षं आठ गुणांची अट ठेवली. मूळ इंजिनाला एकच गुण, मूळ शेलला पाच. आणि मूळ बनावटीबरहुकूम असलेल्या नव्या शेललाही पाचच. सरकारला पत्रा जुनाच हवा असं नव्हतं, घडण तीच हवी होती.

कुडी देवाचीही बदलते. पुरीच्या जगन्नाथाचं नवकलेवर, म्हणजे मूर्ती बदलण्याचा विधी, २०१५ साली झालं तेव्हा जुन्या काष्ठमूर्तींतला ‘ब्रह्मपदार्थ’ कडुनिंबाच्या नव्या मूर्तींत गेला. परंपरा सांगते, की हे काम करणाऱ्या दइतापतींचे डोळे बांधलेले आणि हात कापडात गुंडाळलेले असतात. तिथे श्रद्धा आत काहीतरी असल्याची ग्वाही देते. गाडीच्या आत तसं काही नाही. नागसेन बरोबर होता. मात्र व्यवहारातलं नाव आपोआप टिकत नाही, हे त्याच्या संवादात सुटून गेलं. राजाचा रथ जुळलेला, दाराशी उभा होता. तो सुटा होऊन वर्षभर पडला असता, तर त्याचं नाव कुणाला तरी मापांच्या वहीत, खुणेच्या चिठ्ठ्यांत, आडव्या रॉडांत धरून ठेवावं लागलं असतं.

नवे उंबरठे जोडून झाले, की कारागीर ते रॉड लगेच कापत नाही. आधी जुनं दार आणून बिजागरीवर टांगतो, हळूच लोटतो, आणि कडेच्या फटीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवतो.