धरणातली रिकामी जागा

पुराचे पाणी नाहीसे करता येत नाही; ते फार तर अडवता येते, नाही तर दुसरीकडे वळवता येते. म्हणून पुरापासून शहर वाचवणे ही एकट्या इंजिनिअरांची बाब नव्हे. पाणी कुणाच्या दारापाशी थांबवायचे आणि कुणाच्या घरात जाऊ द्यायचे, हा न्यायाचा प्रश्न आहे. सुरतेच्या बाबतीत तो आपल्यालाही चुकत नाही. सुरतेला बुडवणारी तापी आपल्या खानदेशातूनच तिकडे जाते.

मुलताईला उगम पावून, भुसावळ, प्रकाशे मागे टाकून तापी उकाईच्या धरणाशी थांबते. १९७२ साली पुऱ्या झालेल्या या धरणाचे पाणी मागे नवापूर-नंदुरबारच्या मुलखापर्यंत पसरले. इथली गावे आणि काळी कसदार शेते त्यात गेली. धरणाने तीन कामे करायची होती : शेतीला पाणी देणे, वीज देणे आणि सुरतेला पुरापासून राखणे. पहिल्या दोन कामांसाठी धरण भरलेले हवे, तिसऱ्यासाठी रिकामे. एकाच भांड्याकडे आपण दोन उलट मागण्या केल्या.

२००६ च्या ऑगस्टमध्ये या मागण्या समोरासमोर आल्या. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला आणि धरणात आधीच पुष्कळ पाणी होते. ७ ऑगस्टपासून दरवाजे अधिकाधिक उघडावे लागले. विसर्ग सेकंदाला सुमारे ९ लाख घनफुटांपर्यंत गेला. सुरतेच्या पात्रात त्याच्या जेमतेम निम्मे पाणी मावते. त्यात ९ तारखेला नारळी पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. समुद्र पाणी घेईना. शहराचा तीन-चतुर्थांश भाग बुडाला, शंभरावर माणसे गेली.

हा पूर मानवनिर्मित होता, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. पण धरणावरच्या अधिकाऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. जुलैत पाणी सोडले आणि पुढे पावसाने दडी मारली, तर उन्हाळ्यात त्याला कोण क्षमा करील? भरलेले धरण सर्वांना दिसते. त्यावर ऊस उभा राहतो, कारखाने चालतात. रिकाम्या ठेवलेल्या दहा फुटांचे मोल मात्र कुणालाच दिसत नाही, कारण न आलेल्या पुराची बातमी होत नाही.

म्हणूनच कोणत्या तारखेला धरणात किती पाणी असावे, याचे कोष्टक ठरलेले असते. ते पाळणे म्हणजे स्वतःचे ताट वाढण्यापूर्वी गोग्रास काढून ठेवण्यासारखे आहे. आधी पोटभर जेवून उरलेच तर काढू, असे म्हटले की तो गोग्रास राहत नाही. भरल्या धरणाचा लाभ ज्याला मिळतो तो एक, आणि त्याचा धोका ज्याच्या उशाशी असतो तो दुसरा. त्या दुसऱ्याला न विचारता घेतलेला लाभ, कायद्यात बसला तरी, न्यायात बसत नाही.

हा दुसरा कोण, ते पाहायला लांब जायला नको. लिंबायत, उधन्याच्या गल्ल्यांतून अहिराणी कानावर येते. धुळे-जळगाव-नंदुरबारची माणसे तिथे यंत्रमागांवर राबतात. २००६ नंतर इशारे देण्याची व्यवस्था सुधारली, हे मान्य केलेच पाहिजे. नदीकाठी बांधही आहेत. पण नदी चढली की बांधातली दारे लावावी लागतात आणि शहरात पडलेले पाणी आतच तुंबते. मिठी खाडी भरली की पाणी लिंबायतच्या वस्त्यांत शिरते. ज्या मुलखाने धरणासाठी जमीन दिली, त्याच मुलखाची माणसे शहरात सखल जागी राहतात.

ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. मग धरणातल्या पाण्याचा हिशेब दर पावसाळ्यापूर्वी उघडपणे सांगितला जावा आणि तो ठरवताना सखल वस्तीतला माणूसही बैठकीत असावा, ही मागणी मोठी नाही. रिकामी जागा राखल्यामुळे एखाद्या वर्षी पीक कमी आले, वीज कमी पडली, तर तो तोटा सर्वांनी वाटून घ्यावा. आज तो टाळला, तर उद्याचा पूर वाटून घेता येत नाही; तो आधी खालच्या घरातच शिरतो.