एका डुकराची परवानगी

मिठबावात एक म्हातारा बागायतदार होता. सड्यावर हापूसची कलमं, खाली मळ्यात भात आणि घरात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की घरी आणायची; एरवी ती खुंटीवरच. पण भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरत आणि एका रात्रीत मळा उकरून जात. शेवटी त्याने वनखात्याकडून एका डुकराची लेखी परवानगी मिळवली.

छर्रे तो घरीच ओतायचा. जुन्या जाळ्यांची शिशं लोखंडी पळीत घालून चुलीवर धरली की झालं. शिसं सव्वातीनशे अंशांच्या आसपास पातळ होतं. सून कुरकुरायची, "मामांनू, ह्याच चुलीर पेज शिजता." म्हातारा हसण्यावारी न्यायचा.

बार लागला, पण डुक्कर पडलं नाही. रक्त सांडत करवंदीच्या जाळीत शिरलं. "मेला असतला," म्हणत म्हातारा घरी येऊन झोपला.

आठवड्याने बांधावर घार सापडली. माडावर बसून मळ्यातले उंदीर टिपायची, तीच. पंख लोंबलेले, मान टाकलेली, शेपटीखाली हिरवी घाण, अंगावर जखम मात्र एकही नाही. नातवाने तिला टोपलीखाली ठेवून पाणी पाजलं, पण ती जगली नाही. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं. आत दोन छर्रे, झिजून बारीक झालेले. पोटातल्या आम्लात शिसं विरघळतं आणि रक्तात उतरतं, डॉक्टर म्हणाले. मेलेलं डुक्कर खाल्लं असणार.

नातू म्हणाला, "आजोबानू, परवानगी एका डुकराचीच होती मा?"

म्हातारा कोयता घेऊन जाळीत शिरला. डुकराची हाडंच उरली होती. त्यावर आणखी कोण कोण जेवून गेलं, कुणास ठाऊक.

डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ सालीच बंद केले. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, कारण तिथली काँडोर गिधाडं शिशाने मरत होती. आपली गिधाडं मेलेल्या गुरांच्या मांसातल्या डायक्लोफिनॅकने गेली. गुरांसाठीचं ते औषध २००६ मध्ये बंद झालं खरं, पण गिधाडं जवळजवळ संपल्यावर.

म्हातारा बंदुकीच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "बिनशिशाचे कोणी मागतच नाही, ठेवू कशाला? आणि लोखंडाचे घालाल तर तुमची जुनी नळी खरवडून निघेल."

सुनेने पळी भंगारात दिली. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली तेव्हा म्हाताऱ्याने आधी खड्डा खणून घेतला. बार झाल्यावर रक्ताच्या मागावर बॅटरी घेऊन तीन माणसं धाडली, आणि वनरक्षकाचा पंचनामा होताच डुक्कर खोल पुरलं. सोबतची माणसं वैतागली. एवढा खटाटोप कशाला?

दुकानात तो अजून दर वर्षी जातो आणि बिनशिशाचे छर्रे आले का विचारतो. यंदा दुकानदाराने मागणीच्या वहीत ते लिहून घेतलं.