मागे राहिलेल्या सहकाऱ्याचे काम

पितृपक्षात नाशिकच्या रामकुंडावर तर्पण चालते, तेव्हा नावे ठरलेल्या क्रमाने घेतली जातात. वडील, आजोबा, पणजोबा. मग आईकडची माणसे. मग काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, सासरे. गुरू, शिष्य, सखा आणि आप्त येतात ते यादीच्या अगदी शेवटी. तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही याच रीतीने लिहिलेल्या असतात: गाव कोणते, कूळ कोणते, कोण कोणाचा मुलगा, कोणाच्या नावाने कोण आले. या वह्यांचे मोल मोठे आहे, पिढ्यान्पिढ्यांचा माग त्यांत लागतो. पण गेलेला माणूस आयुष्यभर कोणाच्या खांद्याला खांदा लावून राबला, हे त्यांत सापडत नाही. शास्त्राने सख्याला एक ओंजळ पाणी दिले, पण तेही रक्ताची सगळी नाती संपल्यावर. गेलेल्या सहकाऱ्याचे आपण काय लागतो आणि त्याचे कोणते देणे आपल्यावर उरते, या प्रश्नाचे वेगळे उत्तर महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या साठ-सत्तर वर्षांत घडत गेले. त्यातले सर्वांत भरीव उत्तर याच जिल्ह्यातल्या एका माणसाने दिले, असे माझे मत आहे.

पहिला बदल वर्तमानपत्राने घडवला. आगरकर १७ जून १८९५ ला गेले आणि टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. दोघांनी मिळून शाळा काढली, पत्र काढले, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर इतके बिनसले की आगरकरांनी ‘केसरी’ सोडून ‘सुधारक’ काढले. नंतर टिळकही डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. एवढे होऊनही टिळकांनी लिहिले, आणि लिहिताना मतभेद लपवले नाहीत की मतभेदांपायी गुण झाकले नाहीत. तर्पणात गेलेल्याशी आपले काय पटत नव्हते हे सांगायला जागाच नसते. वारसाला ती गरजही नसते. सहकाऱ्याला मात्र ते सांगावेच लागते, कारण दोघांचे नाते कामातून आलेले असते आणि काम म्हटले की वाद आलाच. मृत्युलेखाने मित्राला हा हक्क दिला. पण लेख छापून आला की लिहिणारा मोकळा होत होता. आगरकरांचे अपुरे राहिलेले काम टिळकांनी उचलावे, अशी अपेक्षा तेव्हा कोणी केली नसती.

दुसरे पाऊल पुण्यात पडले, तरी त्याचा धागा नाशिकशी जुळतो. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त डॉ. आंबेडकरांनी भाषण केले. रानडे जन्मले ते नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला. त्या भाषणात बाबासाहेबांनी रानड्यांना गांधी आणि जिना यांच्या शेजारी उभे करून तपासले, आणि तपासता तपासता विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले. थोर माणसाबद्दल मनापासून आदर वाटणे हा एक, आणि स्वतःची बुद्धी गहाण टाकून त्याच्या आज्ञेत राहणे हा दुसरा. पहिला त्यांना मान्य होता, दुसरा घातक वाटत होता. स्मरणातही बुद्धी जागी ठेवण्याची ही अट पुढे त्यांच्याच स्मरणाला लागू पडणार होती. ती पाळणे अनुयायांना फार जड गेले.

बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांत भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड यांची जागा वेगळी आहे. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी १९०२ साली जन्मलेले दादासाहेब महाडच्या सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्याचे चिटणीसपण त्यांच्याकडे आले. बाबासाहेब गोलमेज परिषदांसाठी लंडनला असताना नाशिकचा दररोजचा भार कोणीतरी वाहायचा होता. माणसे जमवणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी पाहणे, दगड आणि बहिष्कार सोसणाऱ्या खेड्यांना धीर देणे, ही कामे भाषणांच्या संग्रहांत येत नाहीत. आणि मग ३ मार्च १९३४ चे पत्र आले. मंदिरप्रवेशाची चळवळ आता थांबवावी, असे बाबासाहेबांनी भाऊरावांना कळवले. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हा लढा उभारला नव्हता, त्यांच्यात चैतन्य यावे आणि त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी यासाठी उभारला होता. तो हेतू साध्य झाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. बाहेरच्यांना येवल्याची घोषणा ऐकू आली. तिच्याकडे नेणारे मन कसे वळत गेले, हे ज्याच्या हाती पत्र आले त्याने पाहिले. बाबासाहेबांची ही पत्रे दादासाहेबांनी जपली, म्हणून पुढे ती छापता आली. सहकाऱ्याच्या स्मरणाचे खरे बळ मला इथे दिसते. अनुयायाला निष्कर्ष माहीत असतो. त्या निष्कर्षापर्यंतची ओढाताण, माघार आणि पुनर्विचार सहकाऱ्याला माहीत असतो. म्हणूनच गेलेल्या माणसाला एका वचनात गोठवून टाकणे त्याला जमत नाही.

याची कसोटी ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेल्यानंतर लागली. अंत्यसंस्काराच्या वेळीच दादरला हजारो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. शोकाच्या जागीच गेलेल्या नेत्याचे अपुरे काम पुढे सरकले. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात बाबासाहेबांच्या कल्पनेतला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, त्याच वर्षी दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. पण १९५९ पर्यंत पक्ष फुटलाही. बी. सी. कांबळे आणि त्यांच्या बाजूचे सुशिक्षित कार्यकर्ते ‘दुरुस्त’ ठरले, धोतर नेसणारे दादासाहेब ‘नादुरुस्त’. दादासाहेब भूमिहीनांसाठी सत्याग्रह करू पाहत होते आणि त्यासाठी कम्युनिस्टांबरोबरही उभे राहत होते. विरोधकांचा आक्षेप असा की हे बाबासाहेबांच्या शिकवणीविरुद्ध आहे. तो आक्षेप हलका नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खरोखरच सांगितले होते की घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार यांना जागा नाही. गुरूचे शब्द इतके स्पष्ट असताना ते ओलांडणारा सहकारी त्याचे स्मरण करतो की त्याला विसरतो?

आक्षेपाचे उत्तर त्याच भाषणात आहे, असे मला वाटते. तिथे इशारे तीन होते. दुसरा इशारा राजकारणातल्या भक्तीविषयी होता. ती माणसाला अधोगतीकडे आणि देशाला हुकूमशाहीकडे नेते, असा. तिसरा असा की राजकीय समतेच्या खाली सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच ठेवली, तर विषमतेने पोळलेली माणसेच ही लोकशाही उधळून लावतील. यातला पहिला इशारा तेवढा उचलून त्याचे पोथीतल्या वचनासारखे पारायण करणे म्हणजे दुसरा मोडणे आणि तिसरा विसरणे. खोतीची जमीनदारी नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली बाबासाहेबांनीच आणले होते, १९३८ च्या जानेवारीत मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चाही त्यांनीच नेला, आणि त्या मोर्चात कम्युनिस्ट सोबत होते. ते राज्य परकीय होते, हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला कायदा झाल्यावरही पडीक जमीन मिळत नसेल, तर घटनात्मक मार्ग त्याच्यासाठी कितपत खुला आहे, हा प्रश्न बाबासाहेबांच्याच रीतीने विचारलेला प्रश्न आहे. दादासाहेबांनी तो लोकसभेतही विचारला आणि शेताच्या बांधावरही.

भूमिहीनांचा १९५९ चा पहिला लढा मुख्यतः मराठवाडा-खानदेशात झाला. दुसऱ्या लढ्यासाठी दादासाहेबांनी दिवस निवडला तो ६ डिसेंबर १९६४. महापरिनिर्वाण दिन हा हार घालण्याचा, हात जोडण्याचा दिवस. त्या दिवशी देशभर भूमिहीन माणसे तुरुंगात जायला निघाली. सरकारपुढे ठेवलेल्या मागण्यांत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे ही मागणी होती, आणि तिच्याच जोडीला पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, किमान वेतन कायदा अमलात आणावा, अशाही मागण्या होत्या. चित्र आणि जमीन एका निवेदनात मागणाऱ्या माणसाला प्रतिमेचे मोल कळत होते, आणि नुसत्या प्रतिमेवर बोळवण होऊ शकते हेही.

मृत मित्राच्या नावाचा असा वापर करणे म्हणजे शोकाला राबवून घेणे आहे, असे कोणी म्हणेल. शोक खासगी असावा, त्याचे निवेदन करू नये, ही भावना मला समजते. वारसाच्या शोकाबाबत ती योग्यही आहे. पण ज्या दोघांची मैत्रीच सभा, तुरुंग आणि पत्रव्यवहार यांत वाढली, त्यांतल्या मागे राहिलेल्याने कोणत्या कोपऱ्यात बसून शोक करावा? धोका आहे तो दुसरीकडे. गेलेल्याचे नाव हाती आले की ते कुठेही गहाण ठेवता येते. दादासाहेबांनी १९६७ च्या सुमारास काँग्रेसशी केलेल्या युतीने चळवळीची धार बोथट झाली आणि पक्षाचे पुढे आणखी तुकडे झाले. पत्रे जपणारा, मन जाणणारा सहकारीही चुकतो. फरक एवढाच की त्याची चूक कोणते काम पुढे न्यायचे होते त्यावरून मोजता येते. नुसत्या भक्तीची चूक मोजायला मापच नसते.

दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ ला गेले. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले ते १२ एप्रिल १९९० रोजी, मागणीनंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळाने. नाशिकमध्ये आज दादासाहेबांच्या नावाचे सभागृह आहे. २००४ पासून राज्य सरकारची त्यांच्या नावाची योजनाही आहे: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतल्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची. ती जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची असते, आणि त्यासाठी ठरलेल्या दराने विकायला तयार असलेला जमीनमालक आधी गावात सापडावा लागतो.