हक्क आणि सत्य

मराठीतला 'हक्क' हा शब्द मूळचा अरबी. उर्दूत 'हक' म्हणजे अधिकार आणि 'हक' म्हणजे सत्यही. वर्गात हा शब्द शिकवताना आम्ही दोन्ही अर्थ फळ्यावर लिहितो. एखादे सरकार परदेशातील माणसांच्या हक्कांसाठी आवाज उठवते, तेव्हा त्या आवाजात हे दोन्ही अर्थ असतात का?

मार्च १९८८ मध्ये सद्दाम हुसेनच्या फौजेने हलबजावर विषारी वायू सोडला. हजारो कुर्द तडफडून मेले. पण तेव्हा इराक इराणशी लढत होता. अमेरिकी सरकारने निर्बंधांना विरोध केला. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळला आणि संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लगेच आले. त्यांची झळ महालांना नव्हे, गरिबांच्या चुलींना लागली. इराकमधील मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये याच्या निषेधार्थ पद सोडले. २००३ च्या स्वारीच्या वेळी मात्र बुश यांना हलबजाचे मृत आठवले!

हा दोष केवळ पश्चिमेचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत सिंकियांगमधील उइगुरांच्या स्थितीवर फक्त चर्चा करावी, असा ठराव आला. तो १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार यांनी विरोधात मत दिले. भारत आणि मलेशिया तटस्थ राहिले. चीनशी असलेला व्यापार कलम्याच्या नात्याहून जड ठरला.

मग सरकारांनी गप्प बसावे का? मुळीच नाही. १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळण्याआधीच, भारताने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. तोटा आपलाही होता, तो सोसला. नोव्हेंबर २०१९ मध्ये आफ्रिकेतील चिमुकल्या गांबियाने रोहिंग्यांसाठी म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या रक्षणाचा आदेश दिला. अत्याचार त्याने थांबले असे नाही. पण पीडितांची फिर्याद जगाच्या दप्तरी नोंदली गेली.

आमच्या मते कसोटी एकच: हक्कांच्या भाषेची किंमत कोण मोजतो? बोलणारा स्वतः मोजत असेल, तर ती भाषा खरी. दुसऱ्याच्या लेकरांना मोजावी लागत असेल, तर ते राजकारण.

ही कसोटी वाचकालाही लागू आहे. गाझासाठी उठणारी कळ इराकच्या येझिदींसाठीही उठली पाहिजे. आपल्यापुरताच मागितलेला हक्क हा अर्धाच शब्द आहे.